चौदावा खळगा

दिल्लीतल्या कीर्तिनगरच्या एका सुताराकडून मी एक सागवानी ट्रे करून घेतला होता. त्यात चौदा गोल खळगे, प्रत्येक खळग्यात निळी मखमल आणि खाली माझ्या हस्ताक्षरातली एकेक चिठ्ठी. सुतारानं विचारलं होतं, "साहब, इसमें क्या रखोगे, लड्डू?" मी त्याला मेक्सिको समजावून सांगायला बसलो आणि त्याचा चहा निवून गेला. तेरा खळगे पुढच्या काही वर्षांत भरले. चौदावा रिकामाच राहिला, आणि आमच्या संसारात भांडायला दुसरं कारण कधी लागलं नाही.

हा नाद मला बायकोच्या जोडव्यांपायी लागला. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी एका मंत्रालयात फायलींवर टिपणं लिहीत होतो. तिची जोडवी झिजून तुटली. आपल्याकडच्या घडणीची जोडवी दिल्लीत सहजी मिळत नाहीत, पण दरीब्यातला, म्हणजे जुन्या चांदीबाजारातला, एक म्हातारा चांदीवाला नमुना दिला तर करून देतो, असं कुणीतरी सांगितलं. तुटलेलं जोडवं रुमालात बांधून शनिवारी मी तिथं गेलो. त्याच्यापुढे आटवायला आलेल्या मोडीचा ढीग पडला होता. पैंजण, अत्तरदाणीचं झाकण, कुणाचा तरी करदोटा, आणि त्या सगळ्यात तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं एक काळपट नाणं.

"मैक्सिको का डालर है, बाबूजी," तो म्हणाला. "चाँदी खरी है. शाम को गलेगा."

एकोणिसाव्या शतकात अशी नाणी गलबतांतून मुंबईला येत आणि टांकसाळीत आटून त्यांचे रुपये होत, हे मला पुढे वाचून कळलं. जी वाचली ती कुणाच्या गळ्यात गेली, कुणाच्या पेटीत. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की एका बाजूला निवडुंगावर बसलेला एक पक्षी आहे, त्याच्या चोचीत साप आहे, आणि संध्याकाळी तो मुशीत जाणार आहे. जोडव्यांसाठी आणलेले पैसे मी म्हाताऱ्याला दिले आणि नाणं घेऊन घरी आलो.

"आणि जोडवी?" तिनं विचारलं.

मी नाणं तिच्या हातावर ठेवलं. ती ते घेऊन खिडकीपाशी गेली. "अय्या, गरुड!"

"गरुड नाही. ईगल. मेक्सिकोचं राजचिन्ह आहे ते."

"चोचीत साप आहे ना? मग गरुडच. तुमच्या मेक्सिकोला माहीत नसेल."

जोडव्यांचं तिनं पुन्हा काढलं नाही. पुढच्या महिन्यात स्वतःच दरीब्यात जाऊन करून आणली. तिचा स्वभावच तसा होता. कुठलीही गोष्ट ती एकदा विचारायची. झाली तर झाली, नाही तर आपली आपण करायची, आणि तोंड वाकडं न करता. मला हे फार सोयीचं वाटायचं. आज लिहिताना हा शब्द खुपतो, पण तेव्हा तो सोयीचाच होता.

मेक्सिकोत जिथं जिथं चांदीच्या खाणी होत्या तिथं तिथं टांकसाळी निघाल्या होत्या. अशा चौदा गावांत एकाच छापाची नाणी पडत. पुढे गरुड, मागे किरणं फाकलेली टोपी. फरक एवढाच, की टोपीखाली कडेला जी बारीक अक्षरं असत, त्यांत त्या त्या गावाची खूण असायची. बाकी जगाला सगळी नाणी सारखी. आम्हा संग्राहकांना त्या एक-दोन अक्षरांसाठी झोप लागत नाही. तेरा गावांची नाणी कमीअधिक कष्टानं मिळतात. चौदावं गाव डोंगरातलं, रेआल दे कातोर्से नावाचं. तिथली टांकसाळ जेमतेम वर्षभर चालली. कातोर्से म्हणजे स्पॅनिशमध्ये चौदाच. हे वाचलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की मी स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अच्छा! म्हणजे त्यांनीच नंबर घालून ठेवलाय तुमच्यासाठी."

त्या गावाची खूण सी आणि बारीक ई. चौदाव्या खळग्याखालच्या चिठ्ठीवर मी ती लाल शाईनं लिहिली. बाकीच्या तेरा काळ्या. दर दिवाळीच्या आधी कपाट आवरताना ती तो ट्रे बाहेर काढायची, मखमलीवर मऊ ब्रश फिरवायची आणि परत ठेवायची. नाण्यांना मात्र हात लावायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. कारण आम्हा संग्राहकांत पहिला नियम असा, की नाणं घासायचं नाही. दीडशे वर्षांचा काळपटपणा ही त्याची कातडी असते. ती गेली की नाणं मेलं. आणि तिच्या माहेरचा नियम असा, की चांदी काळी दिसणं हे घरच्या बाईच्या आळसाचं लक्षण. लक्ष्मीपूजनाला ट्रेकडे बघून ती दरवर्षी म्हणायची, "किती केविलवाणे दिसतात हो बिचारे. एकदा तरी आंघोळ घालू द्या." मी ओरडायचो. आमची मुलगी हसायची.

सुट्ट्या माझ्या नाण्यांत जायच्या. जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. तिला त्या सहलीची हौस होती. पहाटे उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची, स्मारकापाशी सगळ्यांनी मिळून खायची. एका वर्षी मीही उत्साहानं निघालो, कारण पानिपतच्या बाजारात एका सराफाकडे जुने डालर आहेत असं कानावर आलं होतं. स्मारकापाशी भाषण सुरू झालं तसा मी रिक्षा पकडून सटकलो. सराफाकडे काही नव्हतं. त्यानं दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. मी परत आलो तेव्हा चाळीस माणसं बसमध्ये बसून माझी वाट बघत होती आणि ड्रायव्हर बिड्या ओढत उभा होता. नंतर मला कळलं, की लोक कुरकुरायला लागले तेव्हा ती उठून म्हणाली होती, "येतील. आमच्या गरुडाला अजून एक भाऊ हवाय, तो शोधतायत." सगळे हसले होते. माझ्यासाठी तिनं चार पुऱ्या डब्यात झाकून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून ती मंडळाबरोबर एकटीच जायला लागली.

दिल्लीतल्याच द्वारकेत स्वतःचा फ्लॅट झाला तेव्हा मुलगी शाळेत होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बायकोनं देव्हारा मांडला आणि मला हाक मारली. तिच्या आईनं दिलेल्या पूजेच्या घंटेच्या मुठीवर गरुड होता. मुलीनं लहानपणी ती घंटा आपटून त्याचं डोकं उडवलं होतं.

"तुमच्याकडे इतके गरुड आहेत," ती म्हणाली. "नव्या घरात एक देवाला द्या."

मी डबे धुंडाळले. देवाला द्यायचं म्हणजे आपल्याला नको असलेलं द्यायचं, हे काही मी एकटाच करत नाही. बाजारात पूजेची सुपारी वेगळी मिळते, ती कुणी खात नाही. पूजेचं तूप वेगळं मिळतं, ते कुणी जेवणात घेत नाही. माझ्याकडेही देवाच्या लायकीचं एक नाणं होतं. दरीब्यातल्या म्हाताऱ्याकडून एकदा पाच काळी नाणी वजनावर घेतली, त्यांतलं पाचवं. कुणीतरी ते गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी जोडली होती. पुढे कडी तोडली गेली, पण ती जोडायला वापरलेला कथलाचा डाख, म्हणजे वितळवून चिकटवलेला गोळा, तसाच राहिला होता. मेक्सिकोची नाणी आपल्या नाण्यांसारखी उलटत नाहीत. पुढचं चित्र सरळ धरून पान उलटावं तसं नाणं उलटलं, तर मागचं चित्र खाली डोकं वर पाय येतं. त्यामुळे गरुडाच्या डोक्यावर कडी लावली की तिचा डाख मागे बरोबर टोपीखालच्या अक्षरांवर बसतो. गावाची खूण त्या गोळ्याखाली गाडलेली होती. कडीचं नाणं संग्राहक हातात धरत नाही. ते कुठल्या गावचं आहे हे बघण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. बाकीची चार अगदी सर्रास मिळणारी होती, तेव्हा हेही तसंच असणार.

"हे घे."

तिनं ते उलटसुलट पाहिलं. "ह्याला डाग आहे."

"देवाला चालतो."

तिनं तिथल्या तिथं बारीक रांगोळी आणि लिंबू घेऊन ते घासायला सुरुवात केली. माझ्या अंगावर काटा आला. दहा मिनिटांत गरुड पांढराफेक झाला. तिनं त्याला बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलं, गंध लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिनं मला काहीतरी दिलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी तो गरुड ताम्हणात जायचा, पळीपळीनं पाणी, पुसून परत जागेवर. गुरुवारी सगळे चांदीचे देव रांगोळीनं घासायचे. मी बाहेरच्या खोलीत भिंग लावून माझ्या तेरा नाण्यांकडे बघत बसलेलो असायचो आणि आतून तिच्या घासण्याचा आवाज यायचा. बारीक, एका लयीत. वीस वर्षांहून जास्त मी तो आवाज ऐकला आणि एकदाही आत जाऊन पाहिलं नाही.

आता ज्या सकाळबद्दल मला लिहायचं आहे तिच्याकडे येतो. मी निवृत्त झालो होतो. मुंबईतल्या एका लिलावाच्या यादीत कातोर्सेचं नाणं आलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पेन्शनीतलं जे काही बाजूला काढलं होतं ते सगळं घालायला तयार होतो आणि त्या सकाळी लिलाववाल्याशी फोनवर बोलत होतो. गुरुवार होता. ती आतून आली. पदर खोचलेला, हात ओले, तळहातावर गरुड.

"अहो, एक मिनिट. हे जरा बघता का?"

मी हातानंच थांबवलं. ती थांबली. पलीकडचा माणूस नाण्याच्या कडेबद्दल काहीतरी सांगत होता. ती उभीच आहे हे पाहून मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, "नंतर."

ती आत गेली.

लिलावात नाणं मला मिळालं नाही. माझ्या ऐपतीच्या पार पुढे गेलं. चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनं शिरा केला, बशी माझ्यासमोर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. "त्या नाण्याचं एक सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "त्या नाण्याचं नाव काढू नकोस या घरात."

तिनं नाही काढलं. जेमतेम दीड वर्षानं तिला कावीळ झाल्यासारखं वाटलं, आणि ती कावीळ नव्हती. दोन महिन्यांत सगळं संपलं. हॉस्पिटलात ती मला औषधाच्या वेळा विचारायची, वॉशिंग मशीनचं कव्हर घातलं का विचारायची, देवापुढे दिवा लावता ना विचारायची. मी लावतो म्हणून सांगायचो. लावत नव्हतो. दिवस दिवस मी तिच्या उशाशी असायचो आणि घरी फक्त आंघोळीला जायचो. पण खोटं बोललो ते बोललोच.

सुतकात देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला होता. तेराव्याची माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, पूजा कोण करणार आता?" ती गुरुग्रामला असते, नोकरी करते, दुपारी तिला निघायचं होतं. मी म्हटलं, करतो मी. सोवळ्यातलं धोतर सापडेना, लुंगी नेसून बसलो. तिला म्हटलं, जरा सहाण दे.

"सहाण म्हणजे?"

"ज्याच्यावर गंध उगाळतात ती. दगडाची. तिथं कोपऱ्यात."

"ओह, वो पत्थर," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. आईनं मला हे काहीच शिकवलं नाही, असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. मी एकेक देव ताम्हणात घेतला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि मग गरुड.

गरुड उरला नव्हता. पंखांच्या जागी नुसता उंचवटा होता, साप म्हणजे एक वळसा. बोटानं जाणवायचा, डोळ्याला दिसायचा नाही. मी वैतागलो. अशा दिवशीसुद्धा माझा पहिला विचार हा होता, की किती घासलंय हे. मग पाणी निथळायला मी ते उलटं केलं.

मागचा डाख गेला होता. कथील मऊ असतं. वीस वर्षांच्या रांगोळीनं आणि अंगठ्यानं ते थोडं थोडं झिजून गेलं होतं. त्याच्याखाली झाकलेली अक्षरं मात्र इतकी वर्षं त्या गोळ्यानंच सांभाळली होती. आजूबाजूची टोपी, किरणं सगळी पुसट, आणि तेवढाच एक तुकडा काल पाडल्यासारखा ताजा. मी चष्मा पुसला. भिंग आणलं. मग भिंग खाली ठेवलं, कारण भिंगाची गरज नव्हती. सी आणि बारीक ई.

 मुलीनं आतून विचारलं, "बाबा, झालं?" मी म्हटलं, झालं.

दुपारी मुलगी निघाल्यावर मी नाणी तोलायचा छोटा काटा काढला. हे नाणं सत्तावीस ग्रॅमचं असतं. माझी तेरा सत्तावीसच्या आसपासच भरतात. हे पंचवीसच्या थोडं वर भरलं. डाख तर गेलेलाच होता, तेव्हा ही तूट चांदीची. मी दोनदा तोललं. दीड ग्रॅमभर चांदी तिनं रोज सकाळी थोडी थोडी ताम्हणाच्या पाण्यात सोडली होती, आणि ते पाणी ती बाल्कनीतल्या तुळशीला घालायची. काट्यावरचा आकडा बघताना मला पहिल्यांदा रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं. नातेवाइकांनी त्याची नोंदही घेतली होती.

मी ते चौदाव्या खळग्यात ठेवलं. लाल चिठ्ठीच्या वर. बरोबर बसलं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला, आणि मला त्यात काहीच वाटलं नाही. खरं म्हणजे भीती वाटली. कारण तोवर मला तो गुरुवार आठवला होता. ओले हात, आणि "जरा बघता का?"

ती काय दाखवायला आली होती?

पुढचं वर्षभर मी या एका प्रश्नाशी झगडलो. मी स्वतःची समजूत घालत होतो, की ती दुसरंच काहीतरी दाखवायला आली असेल. नाण्याला चीर गेली असेल. डाख निघून आला म्हणून घाबरली असेल, आता हे रागावतील म्हणून. तिला काय माहीत अक्षरांचं? मग लगेच आठवायचं, की दर दिवाळीला त्या ट्रेवर ब्रश कोण फिरवत होतं. लाल चिठ्ठी एकच होती. मग मी म्हणायचो, माहीत असतं तर लिलावानंतर तरी बोलली असती. मग शिऱ्याची बशी आठवायची. "एक सांगू का?" तेव्हा ती नुसती समजूत काढायला आली असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवलेलं दुपारपर्यंत टिकायचं. तिला ठाऊक नव्हतं, एवढंच मला हवं होतं. ठाऊक नसेल तर ती एक गंमत होती, नशिबानं केलेली, आणि कुणाचा दोष नव्हता. ठाऊक असेल तर वीस वर्षांनी तिच्या हाताला माझं नाणं लागलं, ती धावत मला दाखवायला आली, आणि मी तिला हातानं थांबवलं.

आठ दिवसांनी मी नाणं खळग्यातून काढून देव्हाऱ्यात परत ठेवलं. तिथं बाळकृष्णाशेजारी एक गोल डाग पडला होता आणि तो रोज दिसत होता. आता मी पूजा करतो. मंत्र येत नाहीत, पाणी घालतो. रांगोळीनं घासत नाही. नाणं पुन्हा काळं पडायला लागलं आहे, आणि संग्राहक म्हणून जे मला आवडायला हवं तेच बघवत नाही. दरीब्यातल्या म्हाताऱ्याच्या मुलाला मी एकदा दाखवलं. गल्ल्यावर आता तो बसतो. त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबूजी, इसमें तो कुछ बचा नहीं. किसने इतना रगड़ा?" मी म्हटलं, घरी.

वर्षश्राद्धाला मुलगी दोन दिवस राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा करत असताना ती चहा घेऊन शेजारी जमिनीवर येऊन बसली. तिच्या आईसारखी, एक पाय दुमडून. मला राहवलं नाही. मी नाणं तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. डाख, अक्षरं, चौदावा खळगा. तो गुरुवार मात्र सांगितला नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण बाबा, हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"आईनं मला फोटो पाठवला होता ना याचा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मी तर विसरूनच गेले होते यार."

तिनं चहा खाली ठेवला आणि फोन काढला. आईच्या नावावर बोट ठेवून ती मागे मागे जात राहिली. बराच वेळ लागला. शेवटच्या महिन्यांतले निरोप, त्याआधीचे, हॉस्पिटलच्या आधीचे, लाडवांचं प्रमाण, शेजारणीच्या नातवाचं बारसं, सुविचार, गॅसचा नंबर. मी ताम्हणाकडे बघत होतो. मनात एकच चाललं होतं, की डाग असू दे, चीर असू दे.

"हे बघा."

तिचा तळहात होता. ओला. त्यावर नाणं उलटं ठेवलेलं, आणि खिडकीचा उजेड बरोबर त्या दोन अक्षरांवर घेतलेला. खाली तिनं लिहिलं होतं, "बाबांच्या ट्रेमध्ये लाल अक्षरात आहे ते हेच ना गं? सी आणि छोटा ई."

मुलीनं लिहिलं होतं, "मला काय कळतं त्यातलं? बाबांना विचार ना."

त्यावर तिचं उत्तर, "विचारलं. नंतर म्हणाले." आणि शेवटी एक हसणारा चेहरा.

त्याच्याखाली, दहा मिनिटांनी, "शनिवारी येताना कढीपत्ता आण."

"चिडली नव्हती ती," मुलगी म्हणाली. माझा चेहरा तिनं पाहिला असावा. "बघा ना, बाबा. स्माइली आहे."

मी फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तसं नाणं बाजूला सरकत गेलं आणि पडद्यावर नुसता तिचा हात राहिला. रेषांमध्ये हळद बसलेली होती. अंगठ्याखाली भाजल्याचा एक जुना डाग होता, लांबट, तव्याच्या कडेनं पडतो तसा. तो मी कधी पाहिलेला नव्हता.

"हे कधी भाजलं होतं गं तिला?" मी विचारलं.

मुलगी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, तिलाही माहीत नाही.